सावलीतून उठवलेले पाखरू

माणसाला नको असलेला जीव आपल्या वस्तीतून कसा हलवावा, हा प्रश्न वस्तीइतकाच जुना आहे. गोफण, बुजगावणे, फास, विष आणि बंदूक ही त्याची जुनी उत्तरे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र युरोप-अमेरिकेतल्या आणि आखाती देशांतल्या शहरांत एक वेगळे उत्तर रूढ झाले आहे. कबुतरांना किंवा रानहंसांना मारायचे नाही. त्यांच्यावर शिकवलेला ससाणा उडवायचा, किंवा शिकवलेला कुत्रा त्यांच्या दिशेने सोडायचा. पाखरे भितात, उठतात आणि दुसरीकडे जातात. रक्त सांडत नाही, विषाने मेलेल्या पक्ष्यांचा खच पडत नाही आणि नागरिकांच्या मनालाही टोचणी लागत नाही.

ही पद्धत विषापेक्षा चांगली आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु एखादी गोष्ट दुसऱ्या वाईट गोष्टीपेक्षा कमी वाईट आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरते काय? घाबरवणे हे मारणे नव्हे, हे खरे. पण घाबरवणे म्हणजे काहीच न करणे, असे म्हणता येईल काय? आणि ससाण्याने जे केले त्याचा जाब कोणाला विचारायचा, ससाण्याला की त्याला सोडणाऱ्याला? हे प्रश्न वरवर पाहता परदेशातल्या महापालिकांचे वाटतात. वास्तविक ते आपल्या धर्मपरंपरेतले आहेत आणि आपल्या शहरांच्या दारातही येऊन उभे आहेत.

आधी ही पद्धत नेमकी काय आहे ते पाहू. लंडनचा ट्रॅफल्गार चौक कबुतरांसाठी जगभर प्रसिद्ध होता. पर्यटक तिथे दाणे विकत घेत, हातावर कबुतरे बसवून छायाचित्रे काढत. सन २००० मध्ये केन लिव्हिंग्स्टन लंडनचे महापौर झाले आणि त्यांनी ही कबुतरे हटवण्याचे मनावर घेतले. २००१ साली चौकातली दाण्यांची विक्री बंद झाली. २००३ साली तिथे दाणे टाकण्यावरच बंदी आली. त्याच्या जोडीला हॅरिस हॉक जातीचा शिकारी पक्षी चौकावर उडवला जाऊ लागला. (पक्षिशास्त्राच्या दृष्टीने तो ससाणा नव्हे, पण सोयीसाठी आपण त्यालाही ससाणाच म्हणू.) हजारोंनी असलेली कबुतरे काही वर्षांत अगदी थोडी उरली. दाणे एकाएकी बंद केल्याने पाखरे उपाशी मरतील, असा आक्षेप त्या वेळी प्राणिमित्रांनी घेतला होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. विम्बल्डनच्या टेनिस मैदानावरही असाच एक ससाणा कामाला असे. त्याचे नाव रूफस. प्रेक्षक येण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, तो मैदानावर घिरट्या घाली. २०१२ साली ऐन स्पर्धेच्या काळात तो चोरीला गेला आणि काही दिवसांनी सापडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. ज्या कबुतरांना त्याने उठवले त्यांच्याबद्दल अर्थातच कोणी लिहिले नाही.

कुत्र्यांची गोष्ट विमानतळांवरची आहे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट फ्लोरिडा विमानतळाने १९९९ साली बॉर्डर कोली जातीचा एक कुत्रा धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी ठेवला. पुढे मिशिगन राज्यातल्या चेरी कॅपिटल विमानतळावरचा पायपर नावाचा कुत्रा फार लोकप्रिय झाला. तो २०१८ च्या जानेवारीत वारला. बॉर्डर कोली ही मुळात मेंढ्या वळणाऱ्या धनगराची जात. तो चावत नाही. अंग जमिनीशी चेपून, नजर रोखून तो पुढे सरकतो आणि ती नजरच कळपाला हलवते. पक्ष्यांना त्या नजरेत लांडगा दिसतो. या कामामागची गरज खोटी नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे रानहंस शिरले आणि वैमानिकाला ते विमान हडसन नदीत उतरवावे लागले. आतले १५५ जण वाचले, ही अल्लाहची कृपा आणि वैमानिकाचे कौशल्य. परंतु त्याच वर्षी त्या शहरातले हजाराहून अधिक रानहंस पकडून मारण्यात आले. अशा वेळी कुत्र्याची नजर हा कत्तलीला पर्याय ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. शिकवलेल्या जनावराकरवी काम करून घेण्याचा विचार आपल्याला परका नाही. कुरआनच्या सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेल्या शिकारीचा हुकूम आला आहे. विशेष म्हणजे तिथे शिकवणाऱ्यांसाठी जो शब्द योजला आहे, 'मुकल्लिबीन', तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा या शब्दापासून आलेला आहे. ज्या कुत्र्याला आपण उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, त्याचा उल्लेख तिथे विद्या घेणारा म्हणून आहे. माणूस जनावराला जे शिकवतो ते अल्लाहने माणसाला दिलेल्या ज्ञानातलेच असते, असा त्या आयतीचा आशय आहे. शिकलेल्या कुत्र्याची शिकार हलाल आणि न शिकलेल्याने मारलेले जनावर हराम, हा फरक केवळ विद्येने पडतो. शिक्षकाचा पेशा करणाऱ्या माणसाने या आयतीपाशी थोडे थांबावे असेच आहे.

पण इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.), म्हणजे दानशूर म्हणून आपण ज्याच्या गोष्टी सांगतो त्या हातिमताईचे चिरंजीव, हे शिकारीचे शौकीन होते. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना याबाबत प्रश्न विचारल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. उत्तराचा सारांश असा : कुत्रा सोडताना अल्लाहचे नाव घेतले असेल आणि त्याने शिकार तुमच्यासाठी धरली असेल तर ती खा. त्याने स्वतःच त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नका, कारण मग ती त्याने स्वतःसाठी धरली. आणि तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा आढळला तरीही खाऊ नका, कारण नाव तुम्ही आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नव्हे.

या उत्तरातून जो नियम निघतो तो केवळ खाण्यापिण्यापुरता नाही. शिकवलेले जनावर जेव्हा पाठवणाऱ्यासाठी काम करते तेव्हा ते त्याचे हत्यार असते, त्याचा लांब झालेला हात असते. सुरी जशी स्वतः कापत नाही, तसा तो कुत्रा स्वतः धरत नाही. धरणारा आहे तो पाठवणारा. म्हणूनच नियत त्याची, नाव घेण्याची जबाबदारी त्याची आणि जाबही त्याचाच. मग हाच नियम शहरातल्या ससाण्याला लावला तर काय होते? इमारतीच्या व्यवस्थापनाने ठेका दिला, ठेकेदाराने माणूस नेमला, माणसाने ससाणा सोडला आणि ससाण्याने कबुतराला घाबरवले किंवा क्वचित प्रसंगी मारले. या साखळीत प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवू शकतो आणि शेवटचे बोट ससाण्याकडे जाते. लोक म्हणतात, 'हा तर निसर्ग आहे, ससाणा कबुतराला धरणारच.' परंतु निसर्ग सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते नऊ, असा कामावर येत नाही. डोंगरावरचा ससाणा आपल्या भुकेसाठी झेप घेतो. त्याला कोणताही हिशेब नाही. शहरातला ससाणा आपल्या सोयीसाठी झेप घेतो आणि त्याचा हिशेब आपल्या खात्यावर पडतो. सोडणारा हात ठेकेदाराचा असला तरी पाठवणारा कोण, हे लपत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मारलेच नाही तर हिशेब कसला? या प्रश्नाला आपल्या परंपरेने दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार करायची नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच हदीसमध्ये, तिथल्या शिकारीच्या जनावराला उठवून लावायचेही नाही, असे सांगितले आहे. उठवून लावणे म्हणजे काय? बुखारीमध्ये इकरिमा यांनी केलेला खुलासा आहे. पाखरू किंवा हरीण सावलीत बसलेले असावे, तुम्ही त्याला तिथून हटवावे आणि त्या सावलीत स्वतः जाऊन बसावे, हे ते उठवून लावणे. किती साधे उदाहरण आहे! त्यात मारणे नाही, जखम नाही, पकडणेही नाही. फक्त एक जीव आपल्या सावलीतून उठला आणि त्याच्या जागी दुसरा बसला. तरीही त्याची नोंद घेतली गेली.

हा हुकूम हरमपुरता आहे, मुंबई-लंडनसाठी नाही, हे मला मान्य आहे. हरमबाहेर पाखराला हुसकावणे हराम आहे, असा फतवा देण्याचा माझा अधिकार नाही आणि तसे माझे म्हणणेही नाही. माझे म्हणणे एवढेच की, हुसकावणे ही एक 'कृती' आहे, तिला वजन आहे, हे त्या हुकमातून आपल्याला कळते. एरवीच्या आयुष्यातही तेच सांगितलेले आहे. एका प्रवासात साथीदारांनी एका लहान पक्षिणीची पिले उचलली. ती पंख पसरून वरखाली फडफडू लागली. प्रेषितांनी (स.) हे पाहिले आणि तिला तिच्या पिलांवरून दुःख कोणी दिले, असे विचारून पिले परत ठेवायला लावली, अशी हकिगत अबू दाऊदमध्ये आहे. जनावर जमिनीवर आडवे पाडून त्याच्यासमोर सुरीला धार लावणाऱ्याला त्यांनी टोकल्याचीही हदीस आहे. त्या जनावराला दोनदा मारतोस काय, असा तिचा रोख आहे. म्हणजे मरण वेगळे आणि मरणाची भीती वेगळी. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडलेला आहे. 'आम्ही फक्त घाबरवतो' हे वाक्य या पार्श्वभूमीवर तितकेसे हलके राहत नाही. विशेषतः घरट्यात पिले असताना आईबापांना उठवून लावले, तर वर रक्त दिसत नाही, पण वळचणीत पिले उपाशी मरतात.

याचा अर्थ कबुतरांच्या बाजूने डोळे मिटून उभे राहावे, असा मुळीच नाही. आपला धर्म भाबडा नाही. कारण नसताना मारलेली चिमणी कियामतच्या दिवशी मारणाऱ्याविरुद्ध फिर्याद करील, असे ज्या परंपरेत सांगितले आहे, त्याच परंपरेत कावळा, घार, उंदीर, विंचू आणि पिसाळलेला कुत्रा यांना हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा आहे. फिर्याद आहे ती निरर्थक हत्येविरुद्ध, गरजेविरुद्ध नव्हे. आणि कबुतरांचा उपद्रव काल्पनिक नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली तर काही माणसांना फुफ्फुसांचा गंभीर आजार जडतो. फुफ्फुसे हळूहळू ताठर होतात आणि जिना चढणेही मुश्कील होते. विष्ठेत वाढणारी बुरशी अशक्त माणसाच्या जिवावर बेतू शकते. खिडकीशी झोपणाऱ्या म्हाताऱ्या आईचा श्वास आणि कबुतराचा वळचणीवरचा हक्क यांत निवड करायची वेळ आली, तर आईचा श्वासच निवडला पाहिजे. यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न निवडीचा नाही, क्रमाचा आहे. आधी काय करायचे आणि ससाणा केव्हा बोलवायचा? इथे मला माझ्या व्यवसायातले थोडे सांगावेसे वाटते.

बी.एड्.च्या मानसशास्त्रात आम्हाला बी. एफ. स्किनर शिकावा लागतो. त्याचे बरेचसे प्रयोग कबुतरांवर झाले. दुसऱ्या महायुद्धात तर त्याने बॉम्बला दिशा दाखवण्यासाठी कबुतरे शिकवून तयार केली होती. त्यांचा वापर युद्धात झाला नाही, तो भाग वेगळा. सांगायचे एवढेच की, कबूतर हा मंद जीव नाही, तो शिकणारा जीव आहे. म्हणूनच गच्चीवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या घुबडावर तो थोड्याच दिवसांत निवांत बसू लागतो. खरा ससाणा आला की तो जातो आणि ससाण्याच्या फेऱ्या थांबल्या व खाली दाणा असला की परततो. भीतीने शिकवलेला धडा भीती दाखवणारा उभा असेपर्यंतच टिकतो. हे वर्गात उभ्या राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला वेगळे सांगायला नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. 'मारत नाही, फक्त छडी टेबलावर ठेवतो' असे म्हणणाऱ्याचीही सुटका त्या कायद्याने ठेवली नाही.

याहून मोठी गंमत ससाण्याच्या शिक्षणात आहे. शिकारी पक्ष्याला मारून शिकवता येत नाही. त्याला धाक दाखवला की तो उडून जातो आणि पुन्हा येत नाही. त्याला शिकवायचे तर दिवसेंदिवस हातमोज्यावर घेऊन बसावे लागते, मांसाचा तुकडा द्यावा लागतो, रोज त्याचे वजन करावे लागते. पोट भरलेले असेल तर तो हाकेला येत नाही, फार उपाशी ठेवला तर आजारी पडतो. त्या दोन्हींच्या मधली रेघ ओळखणे हीच बाजदाराची विद्या. म्हणजे ज्या माणसाने ससाण्याला विश्वासाने आणि घासाने शिकवले, तोच माणूस त्या ससाण्याकरवी कबुतराला दहशतीने शिकवू पाहतो. एका पाखराच्या बाबतीत आपल्याला जे शहाणपण सुचले, ते दुसऱ्याच्या बाबतीत का सुचू नये?

आणि सुचले आहे, असे उदाहरणही आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात सुमारे वीस हजार कबुतरे होती. १९६१ ते १९८५ या काळात तिथे जवळजवळ एक लाख कबुतरे मारली गेली. संख्या मात्र वीस हजारांच्या आसपासच राहिली. एक मेले की त्याची जागा आणि त्याचा दाणा दुसऱ्याला मिळे. १९८८ पासून तिथल्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने वेगळी मोहीम सुरू झाली. लोकांना समजावून सांगण्यात आले की, मुबलक दाणा टाकून तुम्ही कबुतरांवर दया करीत नाही, त्यांची गर्दी वाढवता आणि त्या गर्दीत पिले रोगाने, उपासमारीने मरतात. काही ठिकाणी देखरेखीखालचे खुराडे बांधून तिथली अंडी काढून घेतली गेली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. लाखभर कबुतरे मारून जे झाले नाही ते माणसांना शिकवून झाले. लंडनमध्येही ससाण्याच्या जोडीला दाण्यावरची बंदी होती, हे विसरून चालणार नाही. निव्वळ ससाण्याने तो चौक मोकळा झाला असता, असे मला वाटत नाही.

आपल्या देशात ससाण्याचा मार्ग तसाही मोकळा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससाणा, शिक्रा, बाज हे पक्षी पकडणे आणि पाळणे याला मनाई आहे. दिल्लीत माकडांना पळवण्यासाठी लंगूर, म्हणजे आपले काळ्या तोंडाचे वानर, भाड्याने आणण्याची प्रथा होती. लंगूरही त्याच कायद्याने संरक्षित असल्याने ती बंद करावी लागली. मग काय झाले? जुलै २०१४ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की, नवी दिल्ली नगरपालिकेने लंगुरांसारखे आवाज काढून माकडांना पळवण्यासाठी चाळीस तरुण नेमले आहेत. हसण्यासारखी गोष्ट आहे आणि विचार करण्यासारखीही. माणसाने स्वतःचे वागणे बदलायचे नाही असे ठरवले की, कोणाला तरी भीतीचे सोंग घ्यावेच लागते. जनावर मिळाले नाही तर ते सोंग गरीब माणसाच्या पोराच्या वाट्याला येते.

मुंबईचा वाद तर ताजाच आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे आदेश महापालिकेला दिले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि जमावाने ती ताडपत्री फाडली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला महत्त्व दिले आणि तज्ज्ञांच्या समितीचा मार्ग दाखवला. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी हा जैन समाजाचा प्रश्न आहे, असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटले असेल. पण दर्ग्याच्या आवारात, मशिदीच्या गच्चीवर सदका म्हणून मूठभर दाणे टाकणारे हात आपलेही आहेत. मक्का-मदिनेत कबुतरांना दाणे टाकून आलेले हाजी ती सवय घरी घेऊन येतात. त्यांची नियत नेक आहे, यात शंका नाही. परंतु ज्याच्या त्रासापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही त्याचा ईमान पुरा नाही, ही शिकवण त्याच नेक माणसाला लागू आहे. ज्या दाण्याने माझ्या नावावर पुण्य जमा होते आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छातीत धूळ जमा होते, तो दाणा सदका कसा होईल? भुकेल्या पाखराला ओंजळभर पाणी ठेवणे वेगळे आणि हजारो पाखरांना गोण्या ओतून एकाच चौकाला बांधून घालणे वेगळे. पहिली दया आहे. दुसरीत दयेपेक्षा आपल्या समाधानाचा भाग जास्त आहे. आणि शेवटी त्या कबुतरांवर जाळी, विष किंवा ससाणा येतो तेव्हा गोणी ओतणारा आपल्या घरी शांत झोपलेला असतो.

उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न. उठवलेले पाखरू जाते कोठे? ते नाहीसे होत नाही. काचेच्या मनोऱ्यावरून उठते आणि शेजारच्या जुन्या चाळीच्या वळचणीला जाऊन बसते. मनोऱ्याकडे ससाण्याच्या ठेक्याचे पैसे आहेत, चाळीकडे नाहीत. एक नुकसान तसेच दुसरे नुकसान करून दूर करू नये, असा फिक्हचा नियम आहे. शहरात मात्र नुकसान दूर केले जात नाही, ते फक्त परवडत नसलेल्यांकडे सरकवले जाते.

हे लिहिताना मनात येते ते सांगून टाकतो. माणसाची तुलना कबुतराशी करण्याचा माझा हेतू नाही. माणसाची इज्जत वेगळी आहे. पण 'उपद्रवी' हा शब्द आधी कोण उच्चारतो आणि तो उच्चारल्यावर पुढचे सारे किती सोपे होते, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. फेरीवाला उपद्रवी ठरतो, झोपडी उपद्रवी ठरते, कधी एखाद्या मोहल्ल्याचा मोहल्ला उपद्रवी ठरतो. 'कोणाला मारलेले नाही, फक्त हलवले आहे' हे वाक्य तिथेही ऐकू येते. कोठे हलवले, हे विचारायचे नसते. ज्याला स्वतःला सावलीतून उठवले गेल्याचा अनुभव आहे, त्याने तरी दुसऱ्याला, मग ते पाखरू का असेना, उठवताना ही भाषा सहजपणे वापरू नये. जुलूम म्हणजे वस्तू तिच्या जागेवरून भलत्या जागी ठेवणे, अशी त्या शब्दाची व्याख्या अरबी कोशकार करतात. जागा हा शब्द त्या व्याख्येच्या मध्यभागी आहे.

उर्दू वाचणाऱ्यांच्या मनात ससाणा म्हटले की इक्बाल यांचा शाहीन येतो. स्वाभिमान, निरिच्छता आणि मोकळे आकाश यांचे ते प्रतीक. पायात चामड्याच्या वाद्या आणि घुंगरू बांधलेला, वजनकाट्यावर रोज तोलला जाणारा, तासांच्या हिशेबाने भाड्याने दिला जाणारा शाहीन इक्बाल यांनी पाहिला असता तर त्यांना काय वाटले असते, कोण जाणे. या व्यवहारात हक्क केवळ कबुतराचा नाही, ससाण्याचाही आहे. तोही एक मख्लूकच आहे आणि त्याची भूक ही आपल्या हातातली कळ आहे, याचे भान सुटता कामा नये.

तेव्हा ससाणा किंवा कुत्रा कधीच वापरू नये काय? वापरावा, पण काही अटींवर. धावपट्टीवर शेकडो माणसांचा जीव टांगणीला असेल तर कुत्र्याची नजर ही कत्तलीपेक्षा हजार पटींनी बरी. रुग्णालयाच्या खिडक्यांशी कबुतरांनी वस्ती केली असेल आणि कायदा परवानगी देत असेल तर ससाणाही बरा. मात्र गरज खरी असावी, केवळ दर्शनी भिंतीच्या शोभेसाठी नसावी. गरजेइतकेच करावे, त्याहून जास्त नाही. घरट्यात पिले असतील तो काळ टाळावा. ज्या जनावराला कामाला लावले त्याच्या पोटाची आणि विश्रांतीची काळजी घ्यावी. उठवलेले पाखरू दुबळ्या शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसणार नाही, हे पाहावे. आणि या सर्वांच्या आधी आपला उघडा कचरा, आपले सांडलेले अन्न, आपल्या गोण्यांतला दाणा आणि आपल्या इमारतींच्या उघड्या वळचणी यांचा बंदोबस्त करावा. हे न करता ससाणा बोलावणे म्हणजे दार उघडे ठेवून, भाकरी समोर मांडून, आत आलेल्याला चोर म्हणणे होय.

शिकवलेल्या कुत्र्याची शिकार हलाल होण्यासाठी जशी कुत्र्याच्या शिक्षणाची अट आहे, तशीच पाठवणाऱ्याच्या नियतीचीही आहे. कुत्रा शिकला, ससाणा शिकला, स्किनरचे कबूतरही शिकले. शिकायचे राहिले आहे ते पाठवणाऱ्याचे. उद्या आपल्या सोसायटीच्या सभेत कबुतरांचा विषय निघेल आणि कोणीतरी जाळी, काटे किंवा विषाचा ठराव मांडील. त्या वेळी हात वर करण्यापूर्वी एकाने तरी उठून विचारावे, आपल्या गच्चीवर दाणे टाकतो कोण, आणि ही पाखरे आपण पाठवणार कोणाच्या खिडकीत?